‘समान स्वरूप’ की ‘समान मूल्य’ ?

परीक्षण म्हटले की कादंबरी, नाटक किंवा काव्यसंग्रह यांच्याकडे दृष्टी जाते आणि कायद्याचे पुस्तक वकिलांच्या कपाटात राहते, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. वास्तविक कायदा हेही शब्दांचेच काम आहे. कादंबरीत शब्द चुकला तर रसभंग होतो व तेवढ्यावर भागते. कायद्यात शब्द चुकला तर कोणाच्या तरी ताटातली भाकरी कमी होते. म्हणून कायद्याच्या भाषेचे परीक्षण सामान्य सुशिक्षित वाचकाने करू नये, हे म्हणणे आम्हास पटत नाही. उलट ज्याच्यासाठी कायदा लिहिला त्यास तो वाचता येत नसेल, तर ज्यास वाचता येतो त्याच्यावर ही जबाबदारी अधिकच येते.

प्रस्तुत लेखात ज्या मजकुराचा विचार करावयाचा तो फार मोठा नाही. संसदेने २०१९ साली केलेल्या वेतन संहितेचे तिसरे कलम, एवढाच तो आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि ज्या १९७६ च्या समान वेतन कायद्याने जवळजवळ पन्नास वर्षे या विषयाचा भार वाहिला, त्याची जागा तिने घेतली. कलमाचा आशय असा : एकाच मालकाने आपल्या आस्थापनेत, समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी, लिंगभेदावरून वेतनात भेद करू नये, समानता आणण्याच्या निमित्ताने कोणाचाही दर खाली ओढू नये, आणि अशा कामावर माणसे घेताना व त्यांच्या नोकरीच्या अटी ठरविताना स्त्री-पुरुष असा पंक्तिप्रपंच करू नये. मात्र एखादे काम स्त्रियांस देण्यास दुसऱ्या कायद्याची मनाई असल्यास तेवढे वगळावे. वाचताना समाधान वाटावे असाच हा मजकूर आहे. परंतु कायद्याची किंमत तो वाचून मिळणाऱ्या समाधानावर ठरत नाही. तो ज्या ठिकाणी लागू व्हावयाचा तेथे त्याचा अर्थ काय होतो, यावर ठरते.

असे ठिकाण म्हणून आम्ही गोंदिया जिल्हा घेतो. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, एकीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट व दुसरीकडे छत्तीसगड, यांच्या सांध्यावर त्याचे आठ तालुके पसरलेले आहेत. धान, तलाव, जंगल आणि विडी या चार शब्दांत तेथील पोटापाण्याचा बराचसा इतिहास येतो. मुंबईपुण्याच्या कचेऱ्या सोडून आम्ही इतक्या दूर का जातो, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. शहरातील कचेरीत स्त्री आणि पुरुष शेजारी शेजारी बसून एकच काम करतात. तेथे तराजूची दोन्ही पारडी भरलेली असतात आणि उणे-अधिक लगेच दिसते. जेथे कामांचीच वाटणी पिढ्यानपिढ्या स्त्री-पुरुष अशी होऊन बसली आहे, तेथे या तराजूत काय घालावयाचे, ही खरी कसोटी होय.

या कलमाचा वंश मोठा सन्मान्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. महायुद्धाच्या निकडीमुळे १९४३ साली कोळशाच्या खाणीत स्त्रियांस भूमीखाली काम करण्याची बंदी उठविण्यात आली, तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर कडक टीका झाली. तिला उत्तर देताना १९४४ साली आंबेडकरांनी निदर्शनास आणले की, समान कामास समान वेतन हे तत्त्व, लिंगाचा विचार न करता, एखाद्या उद्योगात येथे प्रथमच प्रस्थापित होत आहे. पुढे ते तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात आले. परंतु ते राज्याने मार्गदर्शक मानावयाचे तत्त्व म्हणून आले, न्यायालयात थेट मागता येईल असा हक्क म्हणून नव्हे. याच आंबेडकरांनी १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व त्यांना अपयश आले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने आपला अहवाल सादर केला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, आणि त्याच वर्षी निघालेल्या वटहुकमाचे पुढल्या वर्षी कायद्यात रूपांतर झाले. म्हणजे घटनेतील तत्त्वास कायद्याचे हातपाय फुटण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आता मूळ शब्दांकडे वळू. ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’ म्हणजे काय, याची व्याख्या १९७६ च्या कायद्याने दिली होती. ज्या कामास लागणारे कौशल्य, श्रम व जबाबदारी ही सारखी आहेत, जे सारख्या परिस्थितीत केले जाते, आणि ज्यातील किरकोळ फरकांस व्यवहारात महत्त्व नाही, ते समान काम. ही व्याख्या विचारपूर्वक केलेली होती. दोन कामांची नावे निराळी ठेवून किंवा एखादे क्षुल्लक काम जास्त लावून मालकास पळवाट काढता येऊ नये, हा तिचा हेतू स्पष्ट दिसतो. २०१९ च्या संहितेने ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. फक्त कौशल्य, श्रम व जबाबदारी यांच्या जोडीस ‘अनुभव’ हा एक शब्द वाढविला. शब्द निरुपद्रवी दिसतो. पण अनुभव हा कामावर घेतल्यावाचून येत नाही. ज्या स्त्रीस आजवर दाराशीच थांबविले, तिला आत घेतल्यावर ‘तुला अनुभव नाही, म्हणून तुझे काम समान नाही’ असे म्हणण्याची सोय या शब्दाने होते. जुन्या अन्यायाचाच दाखला देऊन नवा अन्याय कायदेशीर करून घ्यावा, तशातला हा प्रकार आहे.

ही व्याख्या घेऊन आपण धानाच्या शेतात उतरू. पावसाळा लागला, बांध्यांत चिखलणी झाली की पऱ्हे उपटून रोवणी करण्याचे काम बायांचे. दिवसभर पाण्यात उभे राहून, कंबरेत वाकून, अंतर व खोली यांचा अंदाज न चुकता एक एक रोप लावावयाचे असते. रोवणी उशिरा किंवा वाईट झाली तर पिकाचे नुकसान होते, हे कोणताही शेतकरी सांगेल. निंदण बायांचे. नांगर, चिखलणी, धुरे बांधणे व पोती उचलणे पुरुषांचे. आता ट्रॅक्टरही पुरुषांचाच. या दोहोंच्या मजुरीत फरक का, असे विचारले तर ‘काम वेगळे आहे’ एवढे उत्तर पुरते. कायद्याचा निरीक्षक आला तरी त्यास मान डोलविण्यावाचून गत्यंतर नाही. कारण काम खरोखरीच वेगळे आहे. ते वेगळे कोणी केले, आणि एकास ‘अकुशल’ व दुसऱ्यास ‘कुशल’ ही नावे कोणी दिली, हे विचारण्याचा अधिकार कलमाने त्यास दिलेला नाही.

भातगिरण्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. धान कांडण्याचे काम एके काळी घरोघरी उखळ-मुसळावर बायाच करीत. गिरणी आली, काम यंत्राकडे गेले, आणि यंत्र चालविण्याचे काम पुरुषाकडे गेले. बायांकडे राहिले ते वाळवणे, झाडणे व निवडणे. पुढे वाळवणीस ड्रायर आला आणि रंगावरून दाणा वेचणारे यंत्र आले, तेव्हा तेही उणे होत गेले. प्रत्येक पायरीवर स्त्रीच्या हातचे काम यंत्राने घेतले, आणि यंत्राजवळची जागा मात्र तिला मिळाली नाही. या सर्व उलाढालीत समान कामास असमान वेतन दिल्याचा एकही प्रसंग न घडणे शक्य आहे. तरीही तिचे उत्पन्न घटते. कायद्याच्या दृष्टीने कोणी काहीच गैर केलेले नसते.

विडीच्या धंद्यात तर हा विरोधाभास पूर्णतेस पोहोचतो. विड्यांची मजुरी हजारावर ठरते, आणि तो दर स्त्रीस एक व पुरुषास एक असा नसतो. तेव्हा कागदावर पाहिले तर समानता येथे अगोदरच नांदते आहे! परंतु मांडीवर सूप घेऊन, तेंदूपत्ता कापून, जर्दा भरून विडी वळणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया. आणि पाने व जर्दा मोजून देणारा सट्टेदार, आलेल्या मालाची छाट करणारा, भट्टीवर काम करणारा, हिशेब लिहिणारा मुनीम हे बहुधा पुरुष. वळणारणीचा दर थोडा का, असा प्रश्न केला तर तिची तुलना करावयास त्याच कामावर पुरेसे पुरुषच नाहीत; आणि जे थोडे आहेत त्यांनाही तोच थोडा दर मिळतो. काम स्त्रियांचे ठरल्यामुळे दर पडला, की दर पडलेला असल्यामुळे काम स्त्रियांकडे आले, याचा निवाडा करण्याची शक्ती ‘समान स्वरूप’ या शब्दांत नाही.

न्यायालयांनी हा शब्द ताणून पाहिला नाही असे नाही. मुंबईशी संबंधित अशा दोन खटल्यांवरून त्याची धाव कोठपर्यंत आहे हे दिसून येते. १९८१ साली नर्गेश मिर्झा व इतर हवाई सेविकांनी एअर इंडियाविरुद्ध केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपविण्याचा नियम रद्द केला, ही त्या निकालाची मोठीच कामगिरी. परंतु विमानातील पुरुष कर्मचारी व हवाई सेविका हे दोन निरनिराळे वर्ग आहेत, म्हणून त्यांच्या अटींतील भेद हा पक्षपात नव्हे, असेही त्याच निकालात ठरले. आणि केंद्र सरकारनेही १९७६ च्या कायद्यातील १६ व्या कलमाचा आधार घेऊन तशीच ग्वाही दिलेली होती. एकाच विमानात, त्याच प्रवाशांची व्यवस्था पाहणारी दोन माणसे. वर्ग निराळे केले की समानतेचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा निकाल १९८७ चा. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत गोपनीय लघुलेखिका असलेल्या ऑड्री डी’कोस्टा यांना त्याच कंपनीतील पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. कंपनीचे म्हणणे असे की, या वर्गात सर्व स्त्रियाच आहेत, सबब तुलनेस पुरुष नाही. शिवाय कामगार संघटनेशी करार झालेला आहे, आणि कंपनीची परिस्थितीही बेताची आहे. न्यायालयाने यांतील एकही सबब मान्य केली नाही. त्या जागांवर स्त्रियाच असतील तर त्या व्यवस्थापनाने तेथे नेमल्या म्हणून आहेत. कामाकडे व्यापक दृष्टीने पाहिले पाहिजे. आणि ऐपत नाही हे कारण या कायद्यापुढे चालावयाचे नाही. आमच्या मते समानतेच्या विषयावर आपल्या देशात झालेल्या उत्तमोत्तम निकालांत याची गणना व्हावी. तथापि त्या कचेरीत निदान पुरुष लघुलेखक होते. त्यांच्याशी तोलता आले. गोंदियाच्या वळणारणीस तोलावयाचे कोणाशी? विडी वळण्यासारखे दुसरे ‘समान स्वरूपाचे’ काम कारखान्यात नाही. निकालाने दार अर्धे उघडले. उरलेले अर्धे उघडण्यास कायद्यातील शब्दच बदलावा लागेल.

तो दुसरा शब्द आपल्याला अपरिचित नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ साली मंजूर केलेला करार क्रमांक १०० हा ‘समान मूल्याच्या’ कामासाठी समान मोबदल्याची प्रतिज्ञा मागतो, आणि भारताने १९५८ साली त्यास रीतसर मान्यता दिली आहे. म्हणजे आपण जगापुढे वचन दिले ते ‘मूल्या’चे, आणि घरी येऊन १९७६ साली कायदा लिहिला तो ‘स्वरूपा’चा, २०१९ साली पुन्हा लिहिण्याची संधी आली तेव्हाही ‘स्वरूप’च कायम ठेवले. हा भेद पांडित्याचा नव्हे. स्वरूप डोळ्यांनी दिसते; मूल्य तोलावे लागते. दोन कामे एकमेकांसारखी दिसत नसली तरी त्यांस लागणारे कौशल्य, श्रम, जबाबदारी व परिस्थितीचा जाच यांचे माप सारखे भरू शकते. गंमत अशी की, ही चारही मापे आपल्या व्याख्येत होतीच, आणि आहेत. परंतु कामे अगोदर एकसारखी असतील तरच ती हातात घ्यावयाची, अशी तेथे अट आहे.

इंग्लंडात हेच घडले व सुधारलेही. तेथील १९७० चा समान वेतनाचा कायदा असाच अपुरा होता. १९८२ साली युरोपीय न्यायालयाने तो अपुरा ठरविल्यावर समान मूल्याचे तत्त्व त्यात घालण्यात आले व १९८४ पासून ते लागू झाले. त्यानंतर जहाजे बांधणाऱ्या एका कारखान्याच्या उपाहारगृहातील स्वयंपाकीण, ज्यूली हेवर्ड, हिने आपल्या कामाची तुलना तेथील रंगारी, सुतार व उष्णतारोधक आवरण बसविणारा कारागीर यांच्या कामाशी करून दाखविली. स्वयंपाक आणि सुतारकाम यांचे स्वरूप एक आहे असे कोणीही म्हणणार नाही. तरी कौशल्य, श्रम व जबाबदारी यांच्या मापाने त्यांचे मूल्य समान ठरले, आणि १९८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्या बाजूने निकाल दिला. हे माप लावून रोवणी करणारीस त्याच शेतकऱ्याच्या नांगऱ्याशी, आणि वळणारणीस त्याच कारखान्याच्या भट्टीवाल्याशी तोलता आले, तर काय उत्तर येईल? सर्वत्र समानच येईल असा आमचा दावा नाही. तोलून पाहण्याचा हक्क तिला असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथवर वेतनाचा विचार झाला. कलमाचा दुसरा भाग कामावर घेण्याविषयी आहे, आणि पुढील पिढीच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. विडीचा धंदा आरोग्यास अपायकारक आहे. तो कायमचा टिकावा असे आम्हीही म्हणणार नाही. पण तो आटला तर वळणारणीच्या मुलीने कोठे जावे? तिरोड्यास ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. भातगिरण्या आहेत, गुदामे आहेत, दुरुस्तीचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी तिच्यापुढे पहिला प्रश्न वेतनाचा नसून प्रवेशाचा असतो. या बाबतीत पूर्वी कायद्याचाच एक हात दुसऱ्या हाताने दिलेले काढून घेत असे. १९४८ चा कारखान्यांचा कायदा आणि १९६६ चा विडी कामगारांचा कायदा या दोहोंनी स्त्रियांची कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधली होती. हेतू दयेचा, परंतु हंगामात रात्रपाळी चालविणाऱ्या मालकास ‘बाई नको’ म्हणावयास एवढे कारण पुरेसे होते. व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता वेतन संहितेबरोबरच अमलात आली, आणि तिने सर्व प्रकारची कामे स्त्रियांस खुली केली. रात्रीच्या कामास स्त्रीची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था मात्र आवश्यक मानली. हा बदल स्वागतार्ह आहे, आणि त्याचे श्रेय त्या संहितेस मनमोकळेपणाने दिले पाहिजे.

परंतु दार उघडे आहे असे लिहिणे वेगळे, आणि ते कोणी लोटून घेतल्यास दाद मागता येणे वेगळे. येथे नव्या संहितेत एक मोठे छिद्र राहिले आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. १९८७ च्या दुरुस्तीनंतर जुन्या कायद्याखाली सरकारप्रमाणेच जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती, किंवा एखादी मान्यताप्राप्त कल्याणसंस्था, न्यायालयात फिर्याद नेऊ शकत असे. नव्या संहितेच्या ५२ व्या कलमात हा अधिकार सरकार, निरीक्षक, नोंदलेली कामगार संघटना आणि ‘कर्मचारी’ यांस दिला आहे. कर्मचारी म्हणजे वेतनावर कामास असलेली व्यक्ती. जिला बाई म्हणून कामावर घेतलेच नाही, ती कर्मचारी कशी? भरतीत भेद करू नये असे तिसरे कलम म्हणते, आणि भरतीत वगळलेल्या बाईस स्वतःच्या नावाने फिर्याद करण्यास ५२ व्या कलमात जागा सापडत नाही. संघटनेत ती नाही, कारण ती कामावर नाही, कल्याणसंस्थेचे नाव गाळले गेले, उरला निरीक्षक. तो आता ‘सुलभकर्ता’ही झालेला आहे, आणि अशा गुन्ह्याबद्दल खटला भरण्यापूर्वी त्याने मालकास चूक सुधारण्याची लेखी संधी द्यावयाची आहे. पूर्वी भरतीतील भेदासाठी पहिल्या गुन्ह्यासही निदान दहा हजार रुपये दंड अथवा निदान तीन महिने कैद होती. आता अशा उल्लंघनास पहिल्या वेळी वीस हजारांपर्यंत दंड आहे. त्यास खालची मर्यादा नाही, आणि कैदही नाही.

संहितेत चांगले काहीच नाही असे मात्र कोणी समजू नये. वेतन दिले की नाही, कमी दिले की काय, असा दावा आल्यास ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ५९ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. ज्याच्या हातात वह्या त्यानेच त्या दाखवाव्यात, हा न्याय शहाणपणाचा आहे. तोच न्याय भरतीसही का लावू नये? कोणकोणत्या कामावर किती स्त्रिया व किती पुरुष घेतले, आणि एखाद्या कामावर एकही स्त्री नसेल तर का नाही, हे मालकानेच सांगावे. घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईने गिरणीची हजेरीबुके पैदा करावीत, ही अपेक्षा न्यायाची म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. स्त्रियांस समान मोल द्यावयास भाग पाडले तर मालक स्त्रियांना घेणारच नाहीत. आणि गोंदियासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यातून धंदा उठून शेजारच्या प्रांतात जाईल. आक्षेप पोकळ नाही. पण त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर कलमातच आहे. समान वेतन आणि समान प्रवेश हे दोन बैल एका जुवाखाली जुंपलेले आहेत. एक चालला व दुसरा बसला तर गाडी उलटणारच. म्हणूनच प्रवेशाच्या अर्ध्या भागाची अंमलबजावणी ढिली राहू देणे अधिक घातक आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर संहितेच्या नवव्या कलमात आहे. साऱ्या देशासाठी वेतनाची तळरेषा केंद्राने ठरवावी आणि कोणत्याही राज्याने तिच्याखाली जाऊ नये, असे ते सांगते. ती रेषा पुरेशी वर असली, तर नदी ओलांडल्याने मालकास फारसे साधणार नाही.

कायद्यातील शब्द बदलणे अशक्य आहे काय? ज्या विडी कामगाराविषयी आपण बोलत आहो, तिच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांतील लोकांनी विड्या वळू नयेत, म्हणजे शेतास मजूर मिळतील, असा त्याचा हेतू होता. म्हणजे वळणारणीच्या श्रमाकडे राज्य तेव्हा दुसऱ्याच्या सोयीचा साठा म्हणून पाहत होते. ८ नोव्हेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शेतात काम करण्यास असमर्थ असलेल्या म्हाताऱ्या बाया व अपंग यांचीही मिळकत तो हिरावून घेतो, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. पुढे वाद पडला तो विडी वळणारा ‘कामगार’ आहे की नाही, हा. नागपूरच्या प्रकरणात उत्तर आले की आहे; पुढे सिन्नरच्या प्रकरणात उत्तर आले की नाही. तेव्हा १९६६ साली संसदेने व्याख्याच बदलली आणि घरी बसून विड्या वळणाऱ्यांसही कर्मचारी म्हटले. विडी कारखानदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७४ साली तो कायदा वैध ठरला. घर हे कामाचे ठिकाण असू शकते, ही गोष्ट कायद्याच्या डोक्यात शिरण्यास वेळ लागला, पण ती शिरली. त्याच मार्गाने ‘स्वरूपा’च्या जागी ‘मूल्य’ आणि ५२ व्या कलमात ‘कर्मचारी’ याच्या जोडीस ‘अन्यायग्रस्त व्यक्ती’ येण्यास हरकत नसावी. तोवर थांबावयाचेही कारण नाही. सहाव्या कलमाखाली किमान वेतन ठरविताना कौशल्य व कामाचा अवघडपणा यांचा विचार करावा असे म्हटलेले आहे. रोवणी आणि विडी वळणे यांस ‘अकुशल’ म्हणण्याची सवय राज्य सरकारास आजही तपासून पाहता येईल.

सुशिक्षित कुटुंबांचा या प्रकरणी काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची गावी शेती असेल, काहींची गिरणी किंवा दुकान असेल. बहुतेकांच्या घरी कोणाचे तरी श्रम दरमहा विकत घेतले जात असतील. बायांची मजुरी व गड्याची मजुरी असे दोन आकडे आपल्या वहीत लिहिताना ‘काम वेगळे आहे’ हे वाक्य आपल्याही तोंडी सहज येते. तेच वाक्य कायद्याच्या व्याख्येत जाऊन बसले आहे. ते तेथून काढण्याचे काम संसदेचे. आपल्या वहीतून काढण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाही.

एकंदरीत तिसऱ्या कलमाविषयी आमचे मत असे आहे की, त्याचा हेतू उत्तम, भाषा स्वच्छ, आणि एक शब्द उणा आहे. तो शब्द आपण १९५८ सालीच जगापुढे उच्चारलेला आहे. तो कायद्यात लिहिला जाईपर्यंत गोंदियाच्या बांधीतील बाईस कायदा एवढेच सांगू शकेल की, तुझ्यासारखे काम करणारा पुरुष दाखव, म्हणजे तुला न्याय देतो. आणि तिच्यासारखे काम पुरुषास कोणी दिलेलेच नाही.